लष्कराची जुनी 'वन टन' घेतोय : पेट्रोलच ठेवू की डिझेल टाकू?

द्राक्षबाग_दिंडोरी

राम राम मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज धागा काढायची वेळ आली.

गावाजवळच्या खडी क्रशरवर लष्कराची जुनी निस्सान वन टन उभी आहे. १९७८ ची, जबलपूरची. लिलावातून सुटल्यावर कुणीतरी तिच्यावर क्रेन बसवली, मग क्रशरवाल्याने घेतली आणि गेली अकरा वर्षं ती बाभळीखाली आहे. हौद्यात बाभळीचंच रोप उगवून माझ्या कमरेला आलंय. क्रेनचा सांगाडा गॅसने कापून विकला, बाकी गाडी जागेवर. सहा सिलिंडर पेट्रोल, ३९५६ सीसी. इंजिन जाम नाही, पान्याने क्रँक फिरवून पाहिला. फोर बाय फोरचा दांडा हलतो, पण खाली काही गुंततं का ते देव जाणे. पुढचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसलेत. केबिनचा तळपत्रा म्हणजे चाळणी. मालक १ लाख ८० म्हणतो, दीडला देईल.

डोक्यात असं आहे की गाडी नीट उभी करायची, उंची वाढवायची, मोठे टायर, पुढे विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र), आणि पावसाळ्यात मित्रांना घेऊन इगतपुरी, त्र्यंबक, सुरगाण्याकडच्या डोंगरवाटांवर न्यायची. बागेत पाण्याची टाकी, औषधं वाहायलाही कामाला येईल (हे कारण घरच्यांसाठी).

प्रश्न एकच. पेट्रोल इंजिन बांधून घेऊ की काढून डिझेल टाकू? मिस्त्री दोन भेटले, मतं तीन मिळाली.

गोदाकाठचा_गणू

हौद्यातली बाभूळ राहू द्या. एसीचा खर्च वाचला.

वंगणबुवा

अभिनंदन आणि सांत्वन, दोन्ही एकदमच स्वीकारा.

आधी गाडीबद्दल थोडं, कारण पुष्कळ जण तिला जोंगा समजतात. इंजिन तेच घराणं, पण जोंगा म्हणजे जीप आणि वन टन म्हणजे ट्रक. दोन्ही निस्सानच्या परवान्यावर जबलपूरला बनत. जोंगा हे नावसुद्धा जपानी नाही बरं का, 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली'ची आद्याक्षरं आहेत. आणि 'वन टन' हे गाडीचं वजन नव्हे, डोंगरात घेऊन चढायच्या मालाचं वजन. डांबरावर लोक तिच्यावर याच्या दुप्पट लादायचे, म्हणून तुझे पाटे बसलेत.

इंजिनाचं नंतर बघू. पैसे देण्याआधी एवढं कर :

पुढच्या आसाच्या हाउसिंगच्या (बाहेरच्या लोखंडी कवचाच्या) दोन्ही टोकांना गोळे आहेत, ज्यांवर चाक वळतं. तिथलं सील गेलं असेल तर आतलं ग्रीस आणि अकरा पावसाळ्यांचं पाणी मिळून कॉफी झालेली असते. खालचा बोल्ट ढिला करून बघ काय गळतं. कॉफी निघाली तर बेअरिंग, पिन, जॉइंट सगळं धर. डिफरन्शियल, गिअर बॉक्स, ट्रान्सफर केसचं ऑइलही तसंच. क्रेन होती म्हणतोस, तर चासीच्या मागच्या भागात वेल्डिंगची ठिगळं आणि त्यांच्या कडेने तडे शोध. तडा हाताला लागत नाही. रॉकेलने पुसून वरून खडू फास, तासाभराने रेघ दिसते.

इंजिनावर माझं मत पेट्रोल. का ते सविस्तर लिहीन, आत्ता दुकानात गिऱ्हाईक आहे.

अंबडकर

वंगणबुवांशी नेहमीप्रमाणे असहमत.

हिशोब साधा आहे. हे इंजिन लिटरला ३ ते ४ किलोमीटर देतं, तेही उतारावर. दिंडोरीचं सोडा, नाशिकहून इगतपुरी जाऊन-येऊन ९० किलोमीटर धरले तरी २५-२६ लिटर, म्हणजे २७०० रुपये नुसते पोचायचे आणि परतायचे. डोंगरात लो रेंजमध्ये (जास्त ताकदीच्या, कमी वेगाच्या गिअरमध्ये) जे पिईल ते वेगळंच. नमनालाच घडाभर पेट्रोल.

शिवाय आता पंपावर सरसकट ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. १९७८ चा फ्युएल पंपाचा पडदा, रबरी नळ्या, कार्ब्युरेटरमधले वॉशर हे इथेनॉलसाठी बनलेलेच नव्हते. फुगतात, मऊ पडतात, मग गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकतं. आणि पाण्यात गेलात की डेल्को (सिलिंडरांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) ओला, गाडी बंद, खाली ओढा, वर पाऊस.

डिझेलला ठिणगी लागतच नाही. आणि हा काही माझा शोध नाही. नव्वदच्या दशकात जबलपूरवाल्यांनी स्वतःच जोंगात अशोक लेलँडचं हिनो डिझेल बसवून पाहिलं होतं. जोडफ्लँज आणि माउंटिंग आमच्या एमआयडीसीत लेझर कटिंग आणि लेथवर आठवड्यात होतं. मी दोन गाड्या केल्यात.

सौ_मिरची

दीड लाखाची गाडी, दोन लाखांचं इंजिन, दीड लाखाचे टायर, लाखाची विंच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. आमच्याकडे १९६२ ची जीप आहे. घरात तिला 'सवत' म्हणतात आणि ती माझ्यापेक्षा जास्त वेळा पार्लरला गेलीये.

तरी सांगते, घ्या. हौसेला मोल नाही. फक्त घरी पाण्याच्या टाकीचं कारण देऊ नका, आम्हाला पहिल्याच वाक्यात कळतं.

आरटीओ_रडवेला

इंजिन, टायर, विंच... कागदांबद्दल कुणीच बोलेना? नाव असंच नाही घेतलं मी.

१) आरसी कुणाच्या नावावर आहे? लिलावातली गाडी कधीच नागरी नोंदणीवर आली नसेल तर लष्कराकडून मिळालेलं मूळ विक्री प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २१, लागतं. ते नसेल तर गाडी म्हणजे बागेतला शोपीस.

२) नोंदणी असेल तर प्रकार काय लिहिलाय? क्रेन किंवा मालवाहू असेल तर थकलेला कर, दंड, फिटनेस, पर्यावरण कर यांची बेरीज करून तेवढे भावातून कापून घ्या.

३) चासी नंबरचा पेन्सिलने छाप घ्या आणि आरसीशी ताडून बघा. रिव्हेटने ठोकलेल्या पट्टीवर जाऊ नका, चासीवर कोरलेला बघा. पट्ट्या पंख लावून उडतात.

४) डिझेलवाल्यांसाठी : मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल वाचा. निर्मात्याने दिलेल्या मूळ रचनेत मनासारखे बदल चालत नाहीत. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल, अशा गाडीचा अपघात झाला तर विमावाले हात वर करतात. पुढच्या लोखंडी बंपरबद्दलही केंद्राने २०१७ च्या डिसेंबरात राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे.

५) ऑलिव्ह ग्रीन रंग विसरा. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१. तो रंग फक्त संरक्षण दलांच्या गाड्यांना.

गोदाकाठचा_गणू

म्हणजे मिलिटरीची गाडी घ्यायची, पण मिलिटरीची दिसू द्यायची नाही. गुलाबी करा. शत्रूही चक्रावेल.

नाशिकरोडचा

धाग्याचा विषय सोडून जरा.

आमचं लहानपण देवळालीच्या वाटेवर गेलं. तोफखान्याच्या शाळेतून फायरिंग रेंजकडे शक्तिमानचे ताफे निघायचे, मागे तोफा जोडलेल्या. आम्ही कंपाउंडवर बसून मोजायचो. शक्तिमान म्हणजे 'मॅन' या जर्मन कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला बनलेला ट्रक. नव्वदच्या दशकात तो बंद होऊन स्टॅलियन आले, पण तो आवाज त्यांना नाही. बंद डोळ्यांनी सांगायचो, शक्तिमान आला की वन टन. वन टनचा आवाज गोड होता, सहा सिलिंडर पेट्रोलचा, शिवणयंत्रासारखा. द्राक्षबाग, म्हणून सांगतो, डिझेल टाकू नका. आवाज गेला की काय राहिलं?

आणखी एक गंमत. गोऱ्या शिपायांना मायदेशी परतायच्या आधी देवळाली कॅम्पात बोटीची वाट बघत महिनोन्महिने बसवून ठेवायचे, काही काम नाही. त्यातले काही भ्रमिष्टासारखे वागायचे. त्यावरून इंग्रजीत वेड लागण्याला 'डूलाली टॅप' म्हणू लागले. डूलाली म्हणजे आपली देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. तुमचं दुखणं त्याच जातीचं वाटतंय.

माजी_ईएमई

सर्वांना जय हिंद. मी चोवीस वर्षं ईएमईत, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत काढली, त्यातली नऊ या गाड्यांच्या पोटाखाली. चर्चा वाचून राहवलं नाही.

सगळे गाडी पळवायचं बोलत आहेत. थांबवायचं कोण बोलणार?

या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि एकच सर्किट. म्हणजे चारपैकी एका चाकाचा सिलिंडर फुटला की पेडल जमिनीला आणि चारही चाकं मोकळी. युनिटमध्ये दर आठवड्याला मेंटेनन्स परेड व्हायची, चाकामागे हात घालून ओलावा बघायचो, म्हणून निभायचं. तुमच्या गाडीची परेड अकरा वर्षांपूर्वी झाली.

निवृत्तीनंतर अशीच एक वन टन एका ओळखीच्याकडे होती. हौद्यात वीस माणसं, सप्तशृंगीहून नांदुरीकडे घाट उतरत होतो. गाडी मीच चालवत होतो. वरून तिसऱ्या वळणाआधी पाय दाबला, पेडल गेलं ते गेलंच. गाडी थर्डमध्ये होती. या गिअर बॉक्सला डबल क्लच (एका गिअरसाठी दोनदा क्लच) मारल्याशिवाय खालचा गिअर पडत नाही आणि घाबरलेल्या माणसाला डबल क्लच सुचत नाही. मला सुचला तो सवयीने, मेंदूने नव्हे. सेकंड पडला, हँडब्रेक ओढला, तरी वेग उतरेना. मग डावीकडची चाकं डोंगराकडच्या गटारात घातली आणि गाडी कातळाला घासत नेली. पन्नास-साठ फूट घासली असेल. थांबली. आरसा, मडगार्ड, हौद्याचा डावा फाळका गेला. माणूस एक नाही गेला. मागच्या लोकांना वाटलं होतं मी झोपलो. खाली उतरून बघितलं तर मागच्या उजव्या चाकाच्या सिलिंडरचं रबर, आठ-दहा रुपयांचं, फाटलेलं.

तेव्हा आधी ब्रेक. टँडम मास्टर सिलिंडर बसवून पुढचं आणि मागचं सर्किट वेगळं करा. चारही चाकांचे सिलिंडर नवीन, सगळ्या नळ्या नवीन. जुन्या घासून वापरू नका. ब्रेकचा जोर वाढवणारा बूस्टर लावायचा तर पेट्रोल इंजिनाला मॅनिफोल्डवरून आयता व्हॅक्यूम मिळतो. डिझेलला मिळत नाही, त्याला अल्टरनेटरमागे वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. अंबडकर साहेबांनी दोन गाड्या केल्या, त्यात तो लावला असेलच.

अंबडकर

एकीला लावलाय.

माजी_ईएमई

दुसरीचा नंबर सांगून ठेवा. घाटात समोरून आली तर मी गटारात उतरतो.

द्राक्षबाग_दिंडोरी

काका, वाचून हाताला घाम आला. ब्रेक पहिले, ठरलं.

आरसी पाहिली. एमएच १५, नोंदणी १९९१ ची, दुसऱ्या मालकाच्या नावावर, प्रकार मालवाहू. क्रेन बसवल्याची नोंदच नाही. चासी नंबर जुळला. फिटनेस कधीच संपलंय.

एक विचार आला. गाडी १९७८ ची आहे, लवकरच पन्नाशी गाठेल. व्हिंटेजमध्ये टाकली तर ही सगळी कटकट संपेल ना?

आरटीओ_रडवेला

नाही, वाढेल. २०२१ चा व्हिंटेजचा नियम पन्नास वर्षं मोजतो ती पहिल्या नोंदणीपासून, आणि तो दुचाकी व प्रवासी चारचाकींसाठी आहे, मालवाहूसाठी नाही. समजा बसली तरी नवीन नोंदणीला २०,००० रुपये, 'व्हीए'वाली पाटी, दहा वर्षांची मुदत, आणि गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफारही केलेला चालत नाही. तुम्हाला चिखलात जायचंय, मखरात बसायचं नाहीये. तेव्हा थकबाकी भरा, फिटनेस करा, सरळ मार्गाने या.

त्र्यंबकवाडी

धागा पहिल्यापासून वाचला. कुणाला राग आला तर येऊ द्या.

तुम्ही 'डोंगरवाटा' म्हणता त्या आमच्या बांधावरून जातात. मागच्या वर्षी आवणी चालू होती, रोपं नुकती लावलेली, आणि रविवारी सहा गाड्या आल्या. पहिली अडकली म्हणून दुसरीने शेजारच्या खाचरातून वळसा घातला, दुसरी अडकली म्हणून तिसरीने. तीन खाचरं गेली. बांध फुटला की खालच्या चार खाचरांतलं पाणी जातं. एका दादाने पाचशेची नोट काढली. भात लावायला पाचशेची नोट चालते का?

एक भर घालतो. त्या गाड्या बाहेर काढल्या आमच्या चुलत्याच्या ट्रॅक्टरने. दोन बैलांच्या जागी आलेला लहान ट्रॅक्टर. चाळीस लाखांच्या गाड्या ओढून दमला बिचारा.

कंदीलपुष्प

+१. आणि अंजनेरीच्या पठाराचं नावसुद्धा काढू नका. तिथे सेरोपेजिया अंजनेरिका ही वनस्पती आहे, अंजनेरीच्याच नावाची. पावसाळ्यात उगवते, इवलीशी असते. तुमच्या टायरच्या एका नक्षीखाली दहा मावतील. डोंगर संवर्धन राखीव आहे तो यामुळेही. कातळावर दोन इंच माती साठायला किती पिढ्या जातात आणि चाक फिरायला किती सेकंद, याचा विचार करा.

अंबडकर

सगळ्यांनाच एका मापाने मोजू नका हो. आम्ही गावात विचारल्याशिवाय जात नाही.

त्र्यंबकवाडी

कुणाला विचारता? टपरीवर चहा पिताना "इकडून रस्ता आहे का" विचारता. रस्ता आहेच. शेताचा आहे.

गोदाकाठचा_गणू

ट्रॅक्टरचा मुद्दा कुणी मनावर घेतला नाही. द्राक्षबागवाल्याकडे ट्रॅक्टर असणारच. मंडळी, हा माणूस घरी ट्रॅक्टर असताना चिखलात जायला ट्रक घेतोय.

द्राक्षबाग_दिंडोरी

दोन आहेत 😐

त्र्यंबकवाडी, पटलं. आमच्या बागेत कुणी गाडी घातली तर मी नोटेवर थांबणार नाही. क्रशरच्या मागे बंद पडलेली खाण आहे, मुरूम, खड्डे, पावसाळी तळं, सगळं आहे. मालकाला विचारतो.

वंगणबुवा

गिऱ्हाईक गेलं (चार दिवसांनी). आता इंजिन.

अंबडकरांचा हिशोब बरोबर आहे, पण कुणासाठी? रोज माल वाहणाऱ्यासाठी. तू वर्षातून वीस वेळा काढणार. डिझेल बसवायच्या खर्चात किती वर्षांचं पेट्रोल येतं ते तूच काढ. शिवाय डिझेल इंजिन मिनिटाला कमी फेरे घेतं. क्राऊन-पिनियन (आसातली दातेरी चाकं) तोच ठेवलास तर वरचा वेग आणखी उतरतो, आणि तसाही तो काही फार नाही. इंजिन जड, म्हणजे आधीच बसलेले पुढचे पाटे आणखी बसणार. चार सिलिंडर डिझेलचा हादरा त्या जुन्या केबिनला लागला की तुझं बाकीचं वेल्डिंग सुटेल. वर कलम ५२ आहेच.

पेट्रोलचे आजार बरे होण्यातले आहेत. इथेनॉल चालणाऱ्या नळ्या मिळतात, पंपाचा पडदाही मिळतो. टाकी काढून आतला गंज धुऊन घे, नाहीतर तो कार्ब्युरेटरमध्ये येऊन बसेल. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नकोस, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. डेल्कोची टोपी आणि वायरींची टोकं सिलिकॉनने बंद कर. पाण्यात उतरताना रेडिएटरसमोर ताडपत्री बांध, म्हणजे पंखा पाणी मागे इंजिनावर उडवत नाही. हाउसिंगच्या श्वासनळ्यांना लांब पाइप जोडून वर केबिनपर्यंत आण. गरम हाउसिंग गार पाण्यात शिरलं की आत हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. ही पन्नास रुपयांची गोष्ट कुणी करत नाही आणि मग वीस हजारांचं बेअरिंग बदलतं.

सुटे भाग : 'निस्सान वन टन' असं दुकानात म्हणालास तर माणूस तुझ्याकडे भूत पाहिल्यासारखं बघेल. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, नंबर सांग. ऑइल सीलचं आतलं माप, बाहेरचं माप, जाडी मिलिमीटरमध्ये लिहून ने. सारडा सर्कलपासून वडाळा नाक्यापर्यंत अर्ध्या दिवसात निम्मी यादी होते. उरलेलं दिल्लीला मायापुरीच्या भंगार बाजारात किंवा हरियाणात डबवालीला.

पाटेवाला

उंची वाढवायचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. वाढवू नका. ही गाडी मुळातच उंच आहे. शॅकल (पाटा चासीला जोडणारी कडी) लांब करून उंची घेतली की प्रोपेलर शाफ्टचा (आसाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडतो, जॉइंट खातो, आणि उतारावर गाडी कलंडायला बघते. पाटे उघडून पुन्हा कमान मारून घ्या, तुटलेलं पान बदला, बुश आणि पिना नवीन टाका. बसलेली गाडी आपोआप दोन इंच वर येते.

टायरचं म्हणाल तर लष्करी एनडीसीसी नक्षीचे मिळतात, दिसायला राजबिंडे. दोन्ही दिशांना सारखी पकड. मुरमात, दगडात मस्त. आपल्या निफाड-दिंडोरीच्या काळ्या मातीत मात्र पाच मिनिटांत खाचा भरतात आणि टायरचा लाडू होतो. हवा कमी करा, थोडं निभतं.

आणि महत्त्वाचं. रिम दोन भागांची असेल तर बोल्टला पाना लावण्याआधी व्हॉल्व्ह काढून हवा पूर्ण, म्हणजे पूर्ण, जाऊ द्या. भरल्या हवेत उघडली तर रिमचा तुकडा तोफगोळ्यासारखा येतो. मी असा एक पत्र्याच्या छतातून गेलेला बघितलाय.

माजी_ईएमई

पाटेवाल्यांचं शंभर टक्के खरं. विंचबद्दल दोन शब्द : क्रशरवर काटा असेलच, गाडीचं वजन करा, त्याच्या दीडपट क्षमतेची विंच घ्या. दोरावर ओलं पोतं टाकल्याशिवाय ताण देऊ नका आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या बाहेर उभं करा. डांबरावर फोर बाय फोर लावून फिरू नका, पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि दांडा अडकून बसतो.

सौ_मिरची

काय झालं पुढे? बाभूळ जिवंत आहे का?

(सात महिन्यांनी)

द्राक्षबाग_दिंडोरी

बाभूळ बांधावर लावली. जगली.

उशीर झाला, मध्ये छाटणी होती, मग कागद. कागदांना साडेचार महिने गेले, गाडीला तीन. गाडी १ लाख ४० ला पडली, कारण रडवेले साहेबांनी सांगितलेली बेरीज मालकाच्या समोर मांडली. तोही रडवेला झाला.

वंगणबुवांची कॉफी दोन्ही बाजूंनी निघाली. डाव्या बाजूला तर पाणीच होतं, वर गंजाची साय. बेअरिंगचे नंबर लिहून नेले, एक सोडून सगळी नाशिकमध्ये मिळाली. खडू मारला तेव्हा मागच्या क्रॉस मेंबरजवळ नऊ इंचांची रेघ उमटली. मिस्त्री म्हणाला वरून पट्टी मारू. मी नाही म्हणालो, तडा शेवटपर्यंत खरवडून, टोकाला भोक पाडून, भरून मग पट्टी.

इंजिन पेट्रोलच. उघडलं तर बोअर बरे होते, रिंगा, मेन बेअरिंग, हेड फेसिंग, व्हॉल्व्ह बसवणं एवढ्यात भागलं. पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा वडील ओट्यावर पेपर वाचत होते. न बघता म्हणाले, "मिलिटरीची गाडी आली का रे?" नाशिकरोडकर, तुमची आठवण झाली.

ब्रेकचा खर्च इंजिनापेक्षा थोडाच कमी झाला. दोन सर्किट, बूस्टर, सगळ्या नळ्या तांब्याच्या नव्हे, चांगल्या स्टीलच्या. उंची वाढवली नाही, पाट्यांना कमान मारली, पावणेदोन इंच वर आली. टायर मूळ मापाचेच. रंग चिखलासारखा खाकी, धुवायला नको.

गेल्या रविवारी खाणीत पहिली फेरी. मुरमाचा चढ लो रेंजमध्ये असा चढली, जणू लिफ्ट. मग तळ्याच्या काठाला काळ्या गाळाचा पट्टा आहे, तिथे लाडू झाला. हवा कमी केली, तरी लाडू. विंच लावायला झाड नाही, खाणीत झाड कुठून येणार. जो शोधला तो दगड विंचनेच ओढून आणला.

शेवटी भावाला फोन केला.

गोदाकाठचा_गणू

दोघांतला कुठला आणला?

द्राक्षबाग_दिंडोरी

लहान.

त्र्यंबकवाडी

😂 दिवाळीनंतर भात निघालं की या आमच्याकडे. खाचरं मोकळी असतात, कुणाचा बांध कुठला ते मी दाखवतो. पेंढा वाहायचाय, एक टन.

अंबडकर

चांगलं काम केलंत. (दुसऱ्या गाडीलाही व्हॅक्यूम पंप लावला. कुणी विचारलं नाही, तरी सांगतोय.)

नवा_सभासद_सिन्नर

नमस्कार, छान माहिती मिळाली. माझ्या पाहण्यात एक शक्तिमान आहे, १९८४ चा, इंजिन नाही, कागद नाहीत, पण टायर चांगले आहेत. घ्यावा का?

आरटीओ_रडवेला

टायर घ्या.

माजी_ईएमई

द्राक्षबाग, ब्रेक ऑइल कोणत्या तारखेला भरलं? केबिनच्या दाराच्या आत रंगाने लिहून ठेवा. आणि पेंढा आणायला घाट उतरण्याआधी चाकामागे हात घाला, चारही.